ओल्या कोपऱ्यातला पुसी विलो: काडीपासून खरड छाटणीपर्यंत

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या यार्डाचा एक कोपरा मार्चपासून मे संपेपर्यंत चिखलातच असायचा. उताराचं पाणी, डाउनस्पाउटमधून उतरणारं छपराचं पाणी, वितळलेल्या बर्फाचं पाणी, सगळ्यांची बैठक तिथेच. गवत कापायचं यंत्र रुतायचं, मुलांचे बूट रुतायचे. एका ड्रेनेजवाल्याने जमिनीखालून पाइप टाकून द्यायचा भाव सांगितला. तो ऐकून आम्ही त्याला चहा पाजला आणि निरोप दिला.

त्या कोपऱ्यात आज बारा फूट उंचीचं पुसी विलोचं झुडूप आहे. चिखल गेलेला नाही, हे आधीच सांगते. पानं नसतात तेव्हा झाड पाणी ओढत नाही, त्यामुळे मार्चमधली ओल तशीच राहते. उन्हाळ्यात मात्र कोपरा पूर्वीपेक्षा लवकर सुकतो. आणि मार्चमध्ये आजूबाजूचं सगळं भुंडं, करडं असताना आमच्याकडे पहिली मधमाशी याच झाडावर येते, म्हणून त्या चिखलाबद्दल आता घरात कुणी कुरकुर करत नाही.

इथे येऊन पहिल्यांदाच मातीत हात घालणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, पलीकडे ओंटारियो, एवढ्या पट्ट्यात यातलं जवळपास सगळं लागू पडेल. टेक्सास किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी या झाडाच्या नादी लागू नये. त्यांच्याकडचे देशी विलो वेगळे आहेत, ते शोधावेत.

आधी ओळख

विलो म्हटलं की आपल्याला बॅट आठवते, नाहीतर तळ्याकाठी केस मोकळे सोडून उभा असलेला वीपिंग विलो. पुसी विलो यातला कुठलाच नाही. बॅटचा इंग्लिश विलो म्हणजे सॅलिक्स आल्बा, आणि वीपिंग विलोचं मूळ चीनकडचं. आपला हा सॅलिक्स डिस्कलर अस्सल उत्तर अमेरिकेचा. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत आणि खाली अमेरिकेच्या उत्तर भागात तो दलदलीच्या, ओढ्यांच्या काठाने आपणहून उगवतो. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचे पाद्री आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मूलेनबर्ग यांनी 1803 मध्ये त्याला हे नाव दिलं. डिस्कलर म्हणजे दोन रंगांचा. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं. वारा आला की झाड रंग बदलल्यासारखं दिसतं.

सहा ते पंधरा फूट उंची धरा. जागा आवडली आणि कात्री लागली नाही तर वीसच्याही वर जातं. पसारा उंचीच्या थोडा आत. एका खोडाचं झाड नाही, बुंध्यातून अनेक फांद्या निघणारं मोठं झुडूप.

त्याची खरी गंमत कळीत आहे. फेब्रुवारीत एखादी फांदी जवळून बघा. प्रत्येक कळीवर एकच तपकिरी, चकचकीत टोपी असते. आंब्याच्या किंवा मेपलच्या कळीसारखे एकावर एक खवले नसतात. ऊन वाढलं की ती टोपी एका बाजूने उचलली जाते, एक दिवस टपकन गळते आणि आतून चंदेरी लोकरीचा गोळा बाहेर येतो, मांजराच्या पंजाएवढा मऊ. ‘पुसी’ हे नाव त्यावरूनच. आमची धाकटी ती टोपी नखाने काढून बोटावर घालते.

आपल्याकडे याचा चुलतभाऊ आहे. सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांच्या काठी जो वाळुंज दिसतो, तो सॅलिक्स टेट्रास्पर्मा, म्हणजे विलोच. वाळुंज आडनावाची मंडळी इथे असतील तर त्यांनी हे झाड लावणं हा त्यांचा हक्कच आहे.

जागा: इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया

उन्हाळ्यात किमान सहा तास थेट ऊन आणि पायाखाली ओल, या झाडाला एवढंच हवं. माती चिकण असो, लालसर शेल खडकाची असो, त्याला फरक पडत नाही. वसंतात दोन-तीन आठवडे पाणी साचलं तरी चालतं. सावलीत जगतं, पण फांद्या लांबट, लुळ्या होतात आणि फुलं कमी येतात.

जागा ठरवण्याआधी एक काम करा. जोरदार पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात फेरी मारा आणि जिथे बूट ‘पच्’ करतो तिथे काठी रोवा. तिसऱ्या दिवशी परत बघा. अजूनही पच् होतंय ती जागा विलोची.

आता कुठे लावू नये. विलोची मुळं पाण्याच्या शोधात फिरतात आणि फुटक्या पाइपाच्या भेगेतून आत शिरतात. धडधाकट पाइप ती फोडत नाहीत, पण जुन्या घराचा मातीचा सांडपाण्याचा पाइप धडधाकट आहे की नाही हे तुम्हाला कुठे ठाऊक? सेप्टिक टँक आणि त्याचं ड्रेन फील्ड, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत जिरतं ती जागा, असेल तर मी तरी पन्नास फुटांच्या आत हे झाड लावणार नाही. घराचा पाया, स्विमिंग पूल, सीवरची लाइन यांपासून तीस फूट. कुंपणापासून निदान आठ फूट, नाहीतर दर वर्षी शेजाऱ्याकडे झुकलेल्या फांद्यांवरून बोलणी खावी लागतील. खिडकीसमोर किंवा डेकला चिकटून तर नकोच. नर्सरीतल्या कुंडीतलं दीड फुटाचं रोप बघून ‘इथे छान दिसेल’ असं वाटतं, आणि चौथ्या वर्षी स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावावा लागतो. आमच्या एका मित्राकडे हेच झालं.

दोन फोन करायचे आहेत. पहिला, अमेरिकेत असाल तर, 811 ला. खड्डा लहान असला तरी करायचा. ते येऊन गॅस, वीज, केबल कुठून जातात त्याच्या रंगीत खुणा जमिनीवर करून जातात, फुकट. न्यू जर्सीत खोदण्याआधी निदान पूर्ण तीन कामकाजाचे दिवस हातात ठेवून कळवावं लागतं, म्हणून शनिवारी लावायचं असेल तर आदल्या रविवारी जागे व्हा. दुसरा फोन टाउनशिपला, पण तो फक्त तुमचं यार्ड ओढ्याला किंवा पाणथळीला लागून असेल तर. न्यू जर्सीत 1987 पासून गोड्या पाण्याच्या पाणथळ जागांसाठी वेगळा कायदा आहे आणि तुमच्या मालकीच्या जमिनीतही तो लागू होतो. एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर त्यांचं पत्रक बघा. ‘नेटिव्ह श्रब’ हा शब्द अर्जात लिहिला की काम सोपं होतं, असा माझा अनुभव.

झाड विकत आणताना

इथे मी स्वतः फसले, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं झाड मी एका मोठ्या दुकानाच्या गार्डन विभागातून आणलं. पाटीवर ‘पुसी विलो’ एवढंच. दोन वर्षांनी पान उलटून बघितलं तर खाली दाट, पांढरी लव, अगदी जुन्या शालीसारखी. तो निघाला सॅलिक्स कॅप्रिया, युरोपचा गोट विलो. इथल्या दुकानांत तोही ‘पुसी विलो’ म्हणूनच विकला जातो. छत्रीसारखा खाली लोंबणारा छोटा ‘वीपिंग पुसी विलो’ तर हमखास त्याचंच कलम. काळ्या कळ्यांचा येतो तो जपानकडचा. दिसायला सगळे देखणे आहेत, पण देशी झाड हवं असेल तर पाटीवर सॅलिक्स डिस्कलर हे पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. उन्हाळ्यात घेत असाल तर पान उलटा: आपल्या झाडाचं जून पान खालून पांढुरकं पण जवळजवळ गुळगुळीत असतं, लोकरीसारखं नाही.

दुसरी गोष्ट नर-मादीची. विलोत नर झाड वेगळं, मादी वेगळं. लोकरी गोळे दोन्हींना येतात. मग नराच्या गोळ्यातून पिवळे परागकोष बाहेर पडतात आणि आठवडाभर झाडावर हळद उधळल्यासारखी दिसते. मादीचे गोळे हिरवट होऊन लांबतात आणि मेच्या सुमाराला त्यातून कापूस उडतो. मधुरस दोन्हींत असतो, पराग फक्त नराकडे. एकच झाड लावणार असाल तर नर मागा. बियांपासून वाढवलेलं रोप असेल तर नर्सरीवाल्यालाही लिंग माहीत नसतं. काडीपासून वाढवलेलं असेल तर मूळ झाड कोणतं ते त्याला सांगता यायला हवं.

देशी झाडांच्याच नर्सऱ्या इथे बऱ्याच आहेत. काउंटीचे लोक वसंतात बिनकुंडीची, उघड्या मुळांची रोपं स्वस्तात विकतात, त्यात पुसी विलो बहुतेक वेळा असतो. आणखी एक प्रश्न विचारा: रोपावर कीटकनाशक मारलंय का? पहिल्या मधमाशीसाठी झाड लावायचं आणि त्याच्या परागात विष असायचं, याला अर्थ नाही.

फुकटचा रस्ता

मी द्राक्षाच्या गावची. निफाडकडची. काडी म्हणजे काय आणि डोळा म्हणजे काय हे मला शाळेत जाण्याआधी कळायचं. त्यामुळे ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या झाडाच्या चार काड्या दिल्या तेव्हा त्या लावण्याची भीती वाटली नाही. ज्यांनी कधी काडी लावली नाही त्यांनीही घाबरू नये. विलोइतकं सहज रुजणारं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. त्याच्या सालीखाली मुळांचे कोंब तयारच असतात, ओल लागायची वाट बघत.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, फुटायच्या आत, गेल्या उन्हाळ्यात वाढलेली पेन्सिलएवढी जाड फांदी घ्या. दहा-बारा इंचांचे तुकडे करा. बुडाचा काप तिरका, शेंड्याचा सपाट. हा नियम केवळ शिस्तीसाठी नाही. काडी उलटी लागू नये म्हणून आहे. चार दिवस टेबलावर पडलेल्या काड्यांत वर कोणतं आणि खाली कोणतं हे भल्याभल्यांना कळत नाही. जमिनीतला बर्फ निघाला की ओल्या जागी काडी सरळ खुपसा, दोनच डोळे वर राहतील इतकी. जमीन कडक असेल तर आधी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, नाहीतर साल सोलवटते. मुळं फुटण्यासाठी लावतात ती संजीवकाची पावडर लागत नाही. एका जागी तीन काड्या लावा, हातभर अंतरावर. शरद ऋतूत त्यातली सगळ्यात दांडगी ठेवा.

पाण्याच्या बरणीतही मुळं फुटतात आणि मुलांना ते बघायला आवडतं. पण ती मुळं ठिसूळ असतात, मातीत हलवताना मोडतात. मी थेट जमिनीतच लावते.

लावणी

कुंडीतलं रोप एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावा. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद आणि कुंडीएवढाच खोल. मुळं गोल गोल फिरली असतील तर बोटांनी मोकळी करा, फारच गुंतली असतील तर चाकूने तीन-चार उभे काप द्या. इतर झाडांना खोल लावलेलं चालत नाही, पण विलो दीड-दोन इंच खाली गेला तर रागावत नाही, दबलेल्या खोडातूनही मुळं फुटतात.

खड्ड्यात कंपोस्ट, शेणखत, खताच्या गोळ्या काहीही घालू नका. हे आपल्या लोकांना पटवणं कठीण जातं, मलाही पटायला वेळ लागला. खड्डा गोडधोड केला की मुळं तिथेच घुटमळतात. जी माती निघाली तीच परत घाला, पायाने हलकेच दाबा, कडेने आळं करा आणि पाण्याने काठोकाठ भरा. पाणी जिरलं की अजून एकदा. मग वर दोन-तीन इंच लाकडाच्या चिप्सचं मल्च. खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. मल्चचा डोंगर खोडापर्यंत चढवला की हिवाळ्यात त्याखाली उंदरासारखे व्होल राहायला येतात आणि साल कुरतडतात.

दोनपेक्षा जास्त झाडं लावणार असाल तर मध्ये आठ फूट सोडा. दाट पडदा हवा असेल तर सहा.

ओल्या कोपऱ्यात काम करताना पँट मोज्यांत खोचा आणि घरात आल्यावर अंग तपासा. न्यू जर्सीत टिक, म्हणजे गोचीड, चावून लाइम नावाचा आजार झालेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत निघतात.

पहिले दोन उन्हाळे

आठवड्याला एक इंच पाऊस झाला नाही तर पाणी द्यायचं. ‘ओली जागा आहे, पाणी कशाला’ असं म्हणून मी पहिल्या जुलैत दुर्लक्ष केलं, आणि ऑगस्टमध्ये अर्धी पानं पिवळी होऊन गळली. तोच कोपरा, जो मेमध्ये बूट गिळत होता, जुलैत भेगाळतो. नव्या झाडाची मुळं तेव्हा जेमतेम फूटभर खाली असतात. दोन बादल्या, आठवड्यातून दोनदा, सावकाश ओतलेल्या. तिसऱ्या वर्षानंतर अगदी कोरडा उन्हाळा असला तरच.

खत कधीच नाही.

हरणं

गावाकडे डुक्कर आणि रोही, इथे हरीण. विलोचे कोवळे शेंडे त्यांना चिवड्यासारखे लागतात. त्याहून वाईट म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नर हरीण अंगठ्याएवढ्या जाड खोडावर शिंगं घासतो आणि एका रात्रीत साल उभी सोलून टाकतो. लावल्या दिवशीच पाच फूट उंचीची वेल्डेड वायरची जाळी तीन खुंटांवर गोल बांधा, चार फूट व्यासाची. उग्र वासाचे फवारे मिळतात, पण प्रत्येक पावसानंतर पुन्हा मारावे लागतात. मी दोन महिन्यांत कंटाळले. सशांसाठी खालच्या दीड-दोन फुटांना बारीक छिद्रांची जाळी. बर्फ साठला की ससा तेवढ्याच उंचीने वर पोचतो, हे लक्षात ठेवून जाळी थोडी जास्तच उंच घ्या. फांद्या हरणाच्या तोंडाच्या वर गेल्या की वरची जाळी काढली तरी चालते. मी पाचव्या वर्षी काढली.

छाटणी

आता मुख्य गोष्ट. हे झुडूप बिघडतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी: कात्री लावलीच नाही म्हणून, नाहीतर भलत्या महिन्यात लावली म्हणून.

माझं दुसरं कारण. चौथ्या वर्षी झाड माझ्या डोक्यावर गेलं, फांद्या चहूकडे. ऑक्टोबर होता. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणी, द्राक्षाची फळासाठीची छाटणी, हात आपोआप शिवशिवले. कमरेएवढं ठेवून सगळं कापलं आणि वर लॉनवाल्यांच्या झुडपांसारखा छान गोल आकार दिला. मार्च आला. शेजारच्या रस्त्यावरचे पुसी विलो चांदीने मढले, आणि माझ्या झाडावर खालच्या बाजूला मोजून सात कळ्या.

व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या अण्णांना दाखवलं. त्यांनी विलो जन्मात पाहिलेला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “माल कोणत्या काडीवर येतो?” मला सांगता येईना. “ते आधी बघ, मग कात्री लाव.”

मग बघितलं. विलोचा ‘माल’, म्हणजे फुलं, गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर येतो. जून-जुलैत काडी वाढते, ऑगस्टपासून पानांच्या बगलेत फुलाचे डोळे तयार होतात, हिवाळाभर तसेच बसून राहतात आणि मार्चमध्ये फुटतात. पानं गळल्यावर काडी हातात घ्या, फरक दिसतो: फुलाचा डोळा फुगीर, पोट सुटल्यासारखा, पानाचा डोळा बारीक, काडीला चिकटलेला. म्हणजे ऑगस्टनंतर कधीही शेंडे कापले की पुढच्या मार्चची फुलं कचऱ्यात गेली.

याला हवी ती खरड छाटणी. द्राक्षबागायतदारांना वेगळं सांगायला नको: माल उतरला की एप्रिलमध्ये काड्या एक-दोन डोळ्यांवर कापायच्या, उन्हाळाभर नव्या काड्या वाढू द्यायच्या आणि त्या काड्यांत पुढचा माल धरू द्यायचा. विलोचंही तेच. फुलं संपून पानं फुटायला लागली, न्यू जर्सीत साधारण एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा, की कात्री.

पहिल्या दोन वर्षांत फक्त मोडलेली, सुकलेली फांदी काढा. तिसऱ्या एप्रिलपासून दोन पद्धती आहेत.

एक, दर वर्षी सगळ्यात जून, जाड, करड्या सालीच्या फांद्यांपैकी एक तृतीयांश अगदी जमिनीलगत कापायच्या. मधोमध नाही, बुंध्याशी. मध्ये कापलं की तिथून झाडूसारखे दहा फुटवे येतात आणि झाड डोक्याकडे जड, पायाकडे भुंडं दिसायला लागतं. तीन वर्षांत सगळं झुडूप नवं होतं, आणि पडदा मध्येच नाहीसा होत नाही. झाड शेजाऱ्याची खिडकी झाकण्यासाठी लावलं असेल तर हीच पद्धत.

दुसरी, दर तीन ते पाच वर्षांनी सगळंच्या सगळं वीतभर ठेवून कापायचं. बघणाऱ्याला वाटतं, या बाईचं डोकं फिरलंय. मे संपेपर्यंत खुंटातून अंगठ्याएवढे लाल-हिरवे फुटवे उसळतात, आणि झाड जोमदार असेल तर शरद ऋतूपर्यंत पाच-सहा फुटांच्या सरळ, चाबकासारख्या काड्या उभ्या राहतात. कळ्या मोठ्या हव्या असतील, फुलदाणीसाठी लांब काड्या हव्या असतील, तर या पद्धतीला तोड नाही. मी हीच करते.

दोन इंचांच्या आतल्या फांदीला लॉपर, म्हणजे लांब दांड्यांची कात्री, पुरतो, पुढे करवत. हत्यार धारदार हवं, चिरडलेल्या खुंटात रोग शिरतो. कापाला रंग, हळद, मेण काही लावू नका.

एक अडचण आहे आणि ती मला सुटलेली नाही. व्हाइसरॉय नावाचं फुलपाखरू विलोवर अंडी घालतं, आणि त्याची चिमुकली अळी पानाचा देठाकडचा तुकडा गुंडाळून, रेशमाने फांदीला बांधून त्यात हिवाळा काढते. एप्रिलमध्ये कापताना ती गुंडाळी हातात आली तर मी तेवढी फांदी कापून उरलेल्या विलोत अडकवून ठेवते. झाडं दोन आहेत ती याचसाठी. दोन्ही एकाच वर्षी खरडत नाही.

पानं खाणारे

पानांना भोकं पडली की नवा माणूस फवाऱ्याकडे धावतो. थांबा. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांच्या यादीत या भागातल्या विलोंवर जगणाऱ्या पतंग-फुलपाखरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. ओक आणि चेरीच्या खालोखाल विलोच. चिकॅडी पक्षी पिल्लांना भरवतो त्या अळ्या कुठून तरी यायला हव्यात ना? जूनमध्ये काट्याकाट्यांच्या काळ्या, पाठीवर लाल ठिपके असलेल्या अळ्यांचा घोळका एखादी फांदी साफ करताना दिसला तर तो मोर्निंग क्लोक फुलपाखराचा. फांदीला महिन्याभरात नवी पानं येतात.

फांदीच्या शेंड्याला पाइनच्या शंकूसारखं काहीतरी लागलेलं दिसेल. ते फळ नाही. एका चिलटाएवढ्या माशीने केलेली गाठ आहे, आत तिची अळी असते. झाडाला त्रास नाही, शाळेच्या प्रकल्पाला उत्तम.

जपानी भुंगेरे मात्र मी मारते. हिरवे-तांबूस, चकचकीत, जुलैत पानांची जाळी करणारे. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले 1916 मध्ये, आणि तेही आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हरटनजवळ. पहाटे गार असताना सुस्त असतात, साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी झटकायची. दुकानात मिळणारे पिवळे सापळे लावू नका, शेजारच्यांचे भुंगेरेही तुमच्याकडे जेवायला येतात. फांदीचा शेंडा काळा पडून वाळत असेल तर निरोगी लाकडापर्यंत कापून पिशवीत भरून टाका. ऑगस्टअखेर पानांवर भुरी किंवा तांबेरा येतो, तेव्हा पानं तशीही गळायलाच आलेली असतात. सोडून द्या.

फुलं आणि काड्या

फेब्रुवारीत टोप्या सुटायला लागल्या की काही काड्या घरात आणा. पाण्यात ठेवल्या तर आठवड्याभरात पिवळ्या होऊन टेबलभर पराग सांडतो. लोकरी गोळे तसेच टिकवायचे असतील तर गोळे पूर्ण फुलल्यावर, पिवळं दिसायच्या आत, काड्या कोरड्या फुलदाणीत ठेवा. वाळून वर्षभर राहतात. सगळ्या मात्र कापू नका. मार्चच्या थंडीत नुकत्याच जागा झालेल्या भुंग्यांच्या राण्या याच परागावर दिवस काढतात, आणि जमिनीत बिळं करणाऱ्या अँड्रीना माश्यांच्या काही जाती तर फक्त विलोच्याच परागावर पिल्लं वाढवतात.

पाडव्याला इथे कडुनिंबाची डहाळी मिळालीच तर अर्धी वाळलेली मिळते. आमच्या गुढीला त्या डहाळीशेजारी विलोच्या दोन काड्या असतात. पलीकडच्या पोलिश आजी पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी डझनभर काड्या न्यायला येतात, त्यांच्याकडे ताडाच्या झावळीऐवजी हीच फांदी चर्चमध्ये नेतात. बफेलो शहरात तर ईस्टरनंतरच्या सोमवारी, डिंगस डेला, पोलिश मंडळी एकमेकांना याच काड्यांनी मारतात. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी जोरात लागायचं.

छाटणीनंतर काड्यांचा मोठा भारा पडतो. टोपल्या विणायला, वेलांना मांडव करायला त्या चांगल्या. मी पहिल्या वर्षी ताज्याच काड्या वालाच्या वेलांना आधार म्हणून रोवल्या. जुलैत बघते तर वाल चार फूट आणि आधाराच्या काठीलाही पालवी, ऑगस्टमध्ये ती उपटायला कुदळ लागली. आता काड्या उन्हात दोन-तीन महिने पूर्ण वाळवते, आणि घाई असेल तर उलट्या रोवते, शेंडा खाली. त्यातल्याही एकीला गेल्या वर्षी कोंब आला.